मेळघाटचे अरण्यदर्शन : पूर्वतयारी आणि जबाबदारी

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेत मेळघाटचे अरण्य पसरले आहे. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा प्रारंभी निवडलेल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटचा समावेश होता. त्याच्या गाभ्यातील सुमारे ३६१ चौरस किलोमीटर वनाला १९८७ साली गुगामल राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. अशा ठिकाणी शाळेची अथवा ग्रामपंचायत सदस्यांची अभ्याससहल न्यावयाची तर वाहन आणि मुक्काम यांची सोय झाली म्हणजे तयारी संपली, असे होत नाही.

हंगामाची निवड

पावसाळ्यात चिखलदऱ्याचे पठार धुक्याने भरून जाते. परंतु ओढ्यानाल्यांना पूर येतात आणि आतील कच्चे रस्ते चिखलाने निकामी होतात. हिवाळ्यात वन हिरवे असते, मात्र पहाटे कडाक्याची थंडी पडते. विद्यार्थ्यांसाठी हाच काळ सोयीचा होय. उन्हाळ्यात सागाची पाने गळतात, पाणी मोजक्या डोहांत उरते आणि गवा, सांबर, अस्वल यांसारखे प्राणी पाणवठ्यावर दिसण्याचा संभव वाढतो. तथापि वनाच्या दृष्टीने हाच काळ सर्वांत नाजूक असतो.

मार्ग व परवानगी

मुंबई-हावडा लोहमार्गावरील बडनेरा स्थानकावरून अमरावतीमार्गे परतवाड्यास जाता येते. तेथून एक रस्ता चिखलदऱ्याकडे, तर दुसरा सेमाडोह व हरिसालवरून धारणीकडे जातो. इंधन, औषधे व प्रथमोपचाराचे साहित्य परतवाड्यासच घ्यावे. पुढे मोठी बाजारपेठ नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये उद्यानात प्रवेशासाठी वनविभागाचा परवाना आवश्यक आहे. तारीख ठरविण्यापूर्वीच वनकार्यालयाशी संपर्क साधावा, व्यक्तींची संख्या अगोदर कळवावी आणि स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यावा.

काय पाहावे?

वाघ दिसला नाही म्हणजे सहल वाया गेली, हा समज शिक्षकांनी प्रथम दूर करावा. ओढ्याच्या वाळूतील पाऊलखुणा, झाडांच्या सालीवरील ओरखडे, वानरांचे इशाऱ्याचे आवाज यांतूनही अरण्य वाचता येते. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या नद्या येथून वाहत तापीला मिळतात. जळगाव जिल्ह्यातील हतनूर धरण याच तापीवर आहे. डोंगरावरचे वन पावसाचे पाणी जिरविते व माती धरून ठेवते. त्याचा लाभ दूरच्या शेतकऱ्याला मिळतो, हा धडा नकाशा समोर ठेवून सहज शिकविता येईल.

येथील कोरकू समाजाची भाषा मुंडा कुळातील असून मराठीहून सर्वस्वी भिन्न आहे. त्यांची गावे ही प्रेक्षणीय स्थळे नव्हेत. विचारल्यावाचून घरात शिरू नये वा छायाचित्रे घेऊ नयेत.

वणव्याचा धोका

फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले गळतात. ती वेचणे सुलभ व्हावे म्हणून झाडाखालचा पाचोळा काही ठिकाणी पेटविला जातो आणि आग पसरते. पर्यटकाने टाकलेली जळती विडीही तेवढीच घातक ठरते. वणव्यात कोवळी रोपे, जमिनीवरील घरट्यांतील अंडी आणि माती धरणारे गवत नष्ट होते. मग पहिल्याच पावसात उघडी माती वाहून जाते. म्हणून बसमध्ये चढण्यापूर्वीच काड्यापेट्या व विड्या-सिगारेटी जमा करून घ्याव्यात, स्वयंपाक उघड्यावर करू नये आणि कचरा परत आणावा. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात आग लावणे वा जळती वस्तू सोडून जाणे हा उपरोक्त अधिनियमानुसार अपराध आहे.

परतल्यानंतर

सहलीहून परतल्यावर विद्यार्थ्यांनी पाहिलेल्या वृक्षांची व खुणांची नोंदवही तयार करावी. पंचायत सदस्यांनी आपल्या गावच्या गायरानात व ओढ्याकाठी कोणती झाडे राखता येतील, याचा विचार ग्रामसभेपुढे मांडावा. मेळघाटात पाहिलेले अशा रीतीने गावाच्या उपयोगी पडले, तरच त्या सहलीचा खर्च व श्रम सार्थकी लागतील.