दिवसा दिवे लाव

कल्याण,
मार्गशीर्ष वद्य पंचमी

चि. बाळू,

परवा वहिनीचा फोन आला. भाताची झोडणी, दादाचा खोकला, सगळं सांगून झालं आणि फोन ठेवता ठेवता तिने हळूच सांगितलं की मुरबाडहून येताना समोरचा टेम्पो फाट्यावर तुझ्या अंगावर वळला, तू मातीत गेलास, कोपर सोललं, पुढचं चाक वाकडं झालं. टेम्पोवाला उतरून म्हणाला, "दिसलाच नाही ओ." दुपारचे दोन, लख्ख ऊन, सरळ रस्ता! मी दिवाळीत पाठवलेली दिव्यांची जोडी अजून खोक्यातच आहे आणि "दिवसा कोण दिवे लावतं" असं तू म्हणालास, हेही तिनेच सांगितलं. म्हणजे मला रागवायला दोन माणसं झाली. टेम्पोवाला काही माझं पत्र वाचणार नाही, तेव्हा त्याच्या वाटणीचंही तूच ऐकून घे.

घरी येऊन तू म्हणे एकच घोकत होतास: तो मला केव्हाचा दिसत होता, मग मी त्याला कसा दिसलो नाही? बाळू, सगळी गोम या प्रश्नातच आहे. तुला गाडी दिसते म्हणून गाडीवाल्याला तू दिसतोस, असं आपलं मन परस्पर ठरवून टाकतं. सायकल चालवणाऱ्यांची या बाबतीत कायम फसगत होते, हे पाहण्यांतून पुन्हा पुन्हा निघालं आहे. आपण जितके दिसतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त दिसतो असं त्यांना वाटतं. आता दोन्ही बाजू ताडून बघ. तुझ्यासमोर मोकळा रस्ता, वेग ताशी पंधरा किलोमीटर आणि बघायची वस्तू खोलीएवढी. त्याच्यासमोर धुळीने माखलेली काच, काचेच्या कडेचा जाड खांब, वेग ताशी साठ आणि बघायची वस्तू समोरून जेमतेम दोन फूट रुंद, तीही मातकट शर्टातली. ताशी साठ म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. दिसणं, काय आहे ते उमगणं आणि पाय ब्रेकवर जाणं यात दोन सेकंद गेले तर गाडी ३३ मीटर पुढे आलेली असते. ब्रेक लागल्यावर कोरड्या डांबरावरही आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. त्यात सरळ समोरून येणारी वस्तू नजरेत डावी-उजवीकडे सरकत नाही. ती एकाच जागी राहून मोठी होत जाते, आधी अगदी हळू आणि शेवटी एकदम. आपली नजर हलणाऱ्या, लुकलुकणाऱ्या गोष्टीवर चटकन जाते, एका जागी थांबलेल्या ठिपक्यावर जात नाही. म्हणून मला तो टेम्पोवाला खोटं बोलला असं वाटत नाही. त्याने बघितलं असेल आणि तरी त्याला तू दिसला नसशील. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, खोटारड्या माणसाला निदान दंड करता येतो.

आणि आपला रस्ता तर तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. झाडांची सावली पडते तिथे डांबरावर ऊन-सावलीची चादर अंथरल्यासारखी असते. उन्हातून भरधाव सावलीत शिरणाऱ्या माणसाचे डोळे सरावायला क्षणभर घेतात, तेवढ्यात तू त्या काळपट तुकड्यात विरघळून जातोस. होळीच्या आगेमागे शेतात राब भाजतात तेव्हा धूर रस्त्यावर लोळतो. वीटभट्टीच्या गाड्यांची धूळ आहेच. आषाढात भर दुपारी तिन्हीसांज झाल्यासारखी वाटते. आता महिन्याभरात म्हशाची जत्रा येईल, घाटावरून बैल घेऊन ट्रक उतरतील आणि त्यांच्या ड्रायव्हरला आपला कुठला फाटा कुठे हे काय ठाऊक? "सरळ रस्ता, स्वच्छ ऊन, मग भीती कसली" असं तू म्हणशील, म्हणून केंद्र सरकारचा २०२२ सालचा अहवाल सांगते. त्या वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ६८ टक्के ग्रामीण भागात. साडेचार हजारांहून जास्त सायकलवरची होती. दोनतृतीयांश अपघात सरळ रस्त्यावर झाले आणि तीनचतुर्थांशाच्या आसपास स्वच्छ हवेत. आता प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की मुळात रस्ते बहुतेक सरळ असतात आणि हवा बहुतेक दिवस स्वच्छ असते. तेव्हा सरळ रस्ता जास्त घातक, असं यातून सिद्ध होत नाही. पण सरळ रस्ता आणि ऊन आपल्याला वाचवतात, ही समजूत मात्र टिकत नाही.

दिव्याने खरंच फरक पडतो का, हा तुझा रास्त प्रश्न. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात २००४ च्या नोव्हेंबरपासून वर्षभर हेच तपासलं होतं. ३,८४५ सायकलवाले घेतले आणि त्यांतल्या १,८४५ जणांच्या सायकलींना कायम पेटते दिवे बसवले. आऱ्यांवर लोहचुंबक, चाक फिरलं की दिवा लागणार. बटण नाही, बॅटरी नाही, विसरायची सोय नाही. (हा भाग मला फार आवडला.) दिवेवाल्यांचे इजा होणारे अपघात १९ टक्क्यांनी कमी निघाले, आणि ज्यांत दुसरं कुणी वाहन किंवा माणूस होतं ते जवळजवळ निम्म्यावर आले. यात खोट कुठे आहे तेही सांगते. अपघात झाल्याचं लोकांनी स्वतःच कळवायचं होतं आणि आपल्याला दिवा मिळाला आहे हे ज्याचं त्याला माहीत होतं. फुकट दिवा मिळालेला माणूस किरकोळ धडपड कळवायला कचरतो. त्याच देशात पुढे ६,७९३ जणांवर पिवळ्याधमक जाकिटांचा प्रयोग झाला, तिथे हा दोष उघड दिसला. जाकीट घातल्याने माणूस एकट्याने घसरून पडायचा थांबत नाही, तरी तसले अपघातही कमी नोंदले गेले होते. त्याची वजावट केल्यावर ४७ टक्क्यांचा फायदा ३८ वर आला. दिव्यांच्या आकड्यांतूनही तू असंच काही वजा कर. उरेल ते शून्य नसेल, आणि मला तेवढं पुरतं.

"आत्या, डेन्मार्कमध्ये ऊन कुठे असतं" हे तू म्हणणार, ठाऊक आहे. स्वीडनने १९७७ साली गाड्यांना दिवसा दिवे सक्तीचे केले तेव्हाही जग असंच म्हणालं होतं, की हे उत्तरेकडच्या अंधाऱ्या मुलखाचं खूळ. पण मलेशियात तर आपल्यासारखंच ऊन आणि आपल्यासारखाच पाऊस. तिथे १९९२ पासून मोटारसायकलींना दिवसा हेडलाइट लावायला लावले, आणि मोटारसायकल न दिसल्याने होणारे अपघात सुमारे २९ टक्क्यांनी घटल्याचं अभ्यासकांनी दाखवलं. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत विझतच नाही, तो याच कारणासाठी. सुरुवातीला सगळे एकमेकांना हाताची बोटं मिटून-उघडून दाखवायचे, "दिवा चालू राहिलाय!" आता कुणी दाखवत नाही. सायकल मोटार वाहन कायद्यात वाहन म्हणून मोजलीच जात नाही, म्हणून तिला कुणी सक्ती केली नाही एवढंच. उलट यातून तुझं आणखी नुकसान झालं आहे. समोरून येणाऱ्याची नजर आता दिवा शोधायला शिकली. जिथे दिवा नाही तिथे वाहन नाही, असं ती धरून चालते. गाड्यांचे दिवे पेटलेले असताना बिनदिव्याची सायकल आणखी मागे पडते, हे फ्रान्समधल्या प्रयोगांतही दिसलं आहे.

दादाचं म्हणणं वेगळं, आणि ते मला खोडता येत नाही. तो म्हणतो, चूक टेम्पोवाल्याची, मग दिवा आपल्या पोराने का लावायचा? बरोबर आहे. वळणाऱ्याने सरळ येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तू दिसो वा न दिसो, बघायचं काम त्याचं. तुझ्याकडे दिवा नव्हता म्हणून तुझा दोष, असं कुणी म्हणालं तर मीही भांडेन. पण न्याय कुणाचा हे नंतर ठरतं, पंचनाम्यात. मला जे हवं आहे ते त्याच्या तीन सेकंद आधी हवं आहे. तीन सेकंद म्हणजे त्या टेम्पोचे ५० मीटर.

राहिलं मुलांचं हसणं. "काय दिवे लावलेस" असं आपण नापास झालेल्याला म्हणतो, त्यामुळे वर्गात तुझ्यावर काय काय कोट्या होतील ते कळतं मला. होऊ देत. त्याच मुलांच्या बापाच्या मोटारसायकलींचे दिवे दिवसभर जळत असतात, हे त्यांना सांगून बघ.

खोक्यातले दिवे असे लाव: मागचा लाल दिवा कॅरियरच्या पिशवीने किंवा रेनकोटच्या टोकाने झाकला जाता कामा नये. दोन्ही दिवे सपाट धर, आभाळाकडे नको, चाकाकडे नको. दिवसा लुकलुकता ठेव, कारण उन्हात स्थिर दिवा फिका पडतो. रात्री मात्र स्थिर, म्हणजे अंतराचा अंदाज येतो आणि समोरच्याचे डोळेही दिपत नाहीत. मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होतात. वीज रात्री जाते तुमच्याकडे, तेव्हा संध्याकाळीच चार्जिंगला लाव. मागच्या रिफ्लेक्टरवर विसंबू नकोस, त्याच्यावर कुणाचा तरी झोत पडावा लागतो, दुपारी तो नुसतं प्लॅस्टिक. घोट्याला एखादी भडक रंगाची पट्टी बांधलीस तर आणखी चांगलं. वर-खाली होणारे पाय दिसले की हा माणूस आहे हे नजरेला लगेच उमगतं. आणि दिवा लावला म्हणून फाट्यावर मान वर न करता घुसायचं नाही. तुला बघून गाडी हळू झाली, हे तुझ्या डोळ्यांनी बघेपर्यंत तू तिला दिसलेलाच नाहीस असं समज.

हे सगळं लिहिताना मला माझीच लाज वाटते आहे. ३० वर्षं मी फळ्यावर प्रकाशाचं परावर्तन शिकवलं, आपतन कोन, परावर्तन कोन, आकृतीला पाच गुण. समोर बसलेली निम्मी पोरं सायकलवरून यायची, आणि हा धडा रस्त्यावर कशासाठी लागतो हे एकदाही सांगावंसं वाटलं नाही. आमच्या पिढीत तर रात्रीसुद्धा डायनॅमो टायरला टेकवायचा नाही, पायडल जड जातं, अशी रीत. दादाला सायकल मी शिकवली आणि ही रीतही मीच दिली. तुझ्या खोक्यातल्या दिव्यांबद्दल तुला बोलायचा मला किती अधिकार आहे, तूच ठरव.

फार रागावले का? वहिनीला तुझ्याबद्दल विचारलं तर म्हणाली, पडल्यावर आधी सायकल उचललीस आणि मग कोपर बघितलंस. अगदी दादा. पौष पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी एसटीने म्हशाला उतरेन. म्हसोबाचं दर्शन झालं की वहिनीसाठी घोंगडी घ्यायची आहे, भाव तू करायचास, मला कुणी दाद देत नाही. जत्रेच्या गर्दीत चष्मा लावूनही मला माणसं ओळखू येत नाहीत. तू स्टँडवर सायकल घेऊन ये, दिवा लावून. मी शोधीन तुला.

तुझी
आत्या

ता. क. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंस की नाही, ते वहिनीने सांगितलंच नाही. आजच कळव. चाक ठोकून सरळ करून घेऊ नकोस, नवीन रिम टाक. पैसे मी देते, दादाला सांगू नकोस.