बालकांचे दात आणि फ्लोराइड : द्यावे की टाळावे?

आरोग्याला उपकारक ठरणाऱ्या पदार्थांपैकी ज्यांच्या उपयोगाची आणि अपायाची सीमा एकमेकींच्या अगदी निकट असते, असे पदार्थ थोडेच आहेत. फ्लोराइड हा त्यांपैकी एक होय. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या आसपास असेल, तर दात किडण्यास आळा बसतो. हेच प्रमाण दीड मिलिग्रॅमच्या पुढे गेले, की वाढत्या वयाच्या मुलांच्या दातांवर कायमचे डाग पडू लागतात. आणि त्याहूनही अधिक प्रमाणाचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास हाडे व सांधे ताठरतात.

लहान मुलांना फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट द्यावी काय, फ्लोराइडच्या गोळ्या किंवा थेंब द्यावेत काय, असे प्रश्न पालक शिक्षकांना, अंगणवाडी सेविकांना आणि पंचायत सदस्यांना विचारीत असतात. या प्रश्नाला सर्व गावांसाठी एकच उत्तर नाही. आपल्या गावाचे उत्तर मात्र शोधून काढता येते. ते कसे शोधावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दात का किडतात?

तोंडातील काही जंतू साखर व पिष्टमय पदार्थांचे आम्लात रूपांतर करतात. हे आम्ल दातावरील कठीण आवरणातील, म्हणजे दंतवल्कातील, कॅल्शियम व फॉस्फेट विरघळवते. लाळेमुळे त्यातील काही भाग पुन्हा भरून निघतो. झीज आणि भरपाई यांचा हा व्यवहार दिवसभर चालू असतो. मूल वरचेवर गोड खात असेल, तर भरपाईला वेळच मिळत नाही आणि दाताला खळगा पडतो.

फ्लोराइड या व्यवहारात भरपाईच्या बाजूने उभे राहते. लाळेत त्याचा अल्प अंश असला, तरी विरघळलेले क्षार दातावर लवकर परत बसतात आणि नवा बसलेला थर आम्लाला अधिक दाद देत नाही. फ्लोराइड पोटात जाऊन दात मजबूत करते, अशी पूर्वी समजूत होती. आता असे स्पष्ट झाले आहे, की त्याचा मुख्य लाभ दात उगवल्यानंतर, दाताच्या पृष्ठभागावर होतो. ही गोष्ट निर्णयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. लाभ दातावर लावण्यात आहे, तर अपाय मुख्यतः गिळण्यात आहे.

हे ज्ञान कसे मिळाले?

अमेरिकेतील कोलोराडो स्प्रिंग्ज या गावी फ्रेडरिक मॅके या दंतवैद्यांना विसाव्या शतकाच्या प्रारंभी अनेक रहिवाशांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. हे डागाळलेले दात किडण्याचे प्रमाण मात्र कमी होते. या कोड्याचे उत्तर मिळण्यास तीस वर्षे लागली. १९३१ मध्ये एच. व्ही. चर्चिल या रसायनशास्त्रज्ञांनी डाग पडणाऱ्या भागांतील पाण्यात फ्लोराइड अधिक असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर ट्रेन्डली डीन यांनी अनेक गावांची पाहणी केली. लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या आसपास फ्लोराइड असल्यास ठळक डाग सहसा पडत नाहीत आणि कीडही कमी राहते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात प्रथमच फ्लोराइड मिसळण्यास सुरुवात झाली. पुढील पंधरा वर्षांत तेथे जन्मलेल्या मुलांमधील दातांची कीड साठ टक्क्यांहून अधिक घटली.

तथापि तेव्हाची परिस्थिती आज राहिलेली नाही. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट सर्वत्र पोहोचल्यानंतर पाण्यात फ्लोराइड मिसळण्याचा अधिकचा लाभ पूर्वीपेक्षा बराच कमी झाला आहे, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात नमूद आहे. अमेरिकेनेही पाण्यात मिसळावयाचे प्रमाण २०१५ मध्ये लिटरमागे ०.७ मिलिग्रॅमपर्यंत खाली आणले.

आपल्या देशातील वेगळी परिस्थिती

ज्या देशांत पाण्यात फ्लोराइड कमी आहे, तेथे ते घालण्याचा प्रश्न उद्भवला. भारतात अनेक ठिकाणी प्रश्न नेमका उलट आहे. तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात फ्लोराइडमुळे होणाऱ्या विकाराची, म्हणजे फ्लुरोसिसची, नोंद १९३७ मध्येच झाली होती. पुढे आंध्र, राजस्थान, गुजरात आदी राज्यांतील अनेक जिल्ह्यांत हा विकार आढळला. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांतील भूजलात फ्लोराइड मर्यादेपेक्षा अधिक आढळले आहे. केंद्र शासनाने फ्लुरोसिसच्या प्रतिबंधासाठी २००८-०९ पासून राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला.

हे फ्लोराइड खडकातून येते. काही खनिजांत ते मुळातच असते व पाणी खडकात दीर्घकाळ राहिले, की ते पाण्यात उतरते. त्यामुळे एकाच गावात उथळ आडाचे पाणी निर्दोष आणि खोल विंधन विहिरीचे पाणी सदोष, असेही घडते. पाण्याचा रंग, वास वा चव यांवरून फ्लोराइडचा काहीच बोध होत नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण किंचित वाढते.

धोक्याचे वय

समोरच्या कायमच्या दातांचे दंतवल्क मूल दुधाच्या दातांनी हसत असते त्याच काळात, हिरडीच्या आत तयार होत असते. या दातांच्या दृष्टीने पहिली तीन वर्षे सर्वांत नाजूक होत. एकंदर कायमच्या दातांचा विचार करता ही काळजी आठव्या वर्षापर्यंत घ्यावी लागते. या काळात अधिक फ्लोराइड पोटात गेल्यास, सातव्या-आठव्या वर्षी उगवणारे दात खडूसारखे पांढुरके, पट्टे असलेले किंवा तपकिरी डागांचे निघतात. हे डाग घासून जात नाहीत. शाळेतील मूल हसताना तोंडावर हात धरते, मुलीच्या विवाहाच्या वेळी दातांची चर्चा होते. या गोष्टींचे मूळ अशा रीतीने बालपणीच्या पाण्यात असते.

दुसऱ्या बाजूस, किडलेल्या दातांचे दुःखही क्षुल्लक नव्हे. दाढ ठणकत असलेले मूल जेवत नाही, रात्री झोपत नाही आणि वर्गात त्याचे लक्ष लागत नाही. दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही. अकाली काढावे लागलेले दुधाचे दात पुढील दातांची जागा बिघडवतात. म्हणून फ्लोराइड सरसकट नाकारणे आणि सरसकट देणे, या दोन्ही टोकांना मुलांचे नुकसान आहे.

साधा हिशेब

मुलाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला सुमारे ०.०५ मिलिग्रॅम फ्लोराइड पुरेसे मानले जाते आणि आठ वर्षांखालील मुलांसाठी ०.१ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा धरली जाते. समजा, १२ किलो वजनाचे दोन-अडीच वर्षांचे मूल आहे. त्याची वरची मर्यादा दिवसाला १.२ मिलिग्रॅम झाली. पिण्यातून व स्वयंपाकातून त्याच्या पोटात दिवसाला एक लिटर पाणी जाते असे धरू.

गावच्या पाण्यात लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल, तर पाण्यातून ०.३ मिलिग्रॅमच मिळते. येथे टूथपेस्टमधील थोडा अंश गिळला गेला, तरी मर्यादा ओलांडली जात नाही. पाण्यात १ मिलिग्रॅम असेल, तर मर्यादेपर्यंतचे अंतर फारच थोडे उरते. पाण्यात १.५ मिलिग्रॅम असेल, तर टूथपेस्टचा विचार करण्यापूर्वीच मर्यादा ओलांडलेली असते.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा असून, दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्यही १.५ मिलिग्रॅम आहे. या पातळीच्या वरील फ्लोराइडचा मुलांच्या बुद्ध्यंकाशी प्रतिकूल संबंध आढळतो, असा मध्यम खात्रीचा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २०२४ मध्ये नोंदविला. मर्यादेबाबत दक्ष राहण्यास हे आणखी एक कारण होय.

निर्णय कसा करावा?

पहिली परिस्थिती : पाण्यात फ्लोराइड कमी आहे. येथे दात उगवल्यापासून फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट वापरणे हितावह आहे. मात्र तीन वर्षांखालील मुलासाठी तांदळाच्या दाण्याएवढी, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी वाटाण्याएवढीच पेस्ट घ्यावी. ब्रश मोठ्या माणसाच्या हातात असावा व मुलाला थुंकण्यास शिकवावे.

दुसरी परिस्थिती : प्रमाण १ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. दातांना आवश्यक ते फ्लोराइड येथे पाण्यातूनच मिळते. पेस्ट वापरावयाची असल्यास वरील प्रमाण कटाक्षाने पाळावे. गोळ्या किंवा थेंब देऊ नयेत.

तिसरी परिस्थिती : प्रमाण १.५ मिलिग्रॅमहून अधिक आहे. येथे पहिले काम पाणी बदलण्याचे आहे. सहा वर्षांखालील मुलांना फ्लोराइडविरहित पेस्ट देणे श्रेयस्कर. एखाद्या मुलाचे दात विशेष किडत असल्यास दंतवैद्याच्या सल्ल्यानेच अपवाद करावा.

फ्लोराइडच्या गोळ्या व थेंब यांविषयी एक सर्वसाधारण नियम ध्यानात ठेवावा. पाण्याची तपासणी झाल्याखेरीज आणि दंतवैद्याने मुलाला पाहिल्याखेरीज त्या कधीही देऊ नयेत. सहा महिन्यांपर्यंतच्या बालकाला तर कोणत्याही रूपात फ्लोराइड देण्याची गरज नाही. आईच्या दुधात फ्लोराइड अत्यल्प असते, आणि फ्लोराइडग्रस्त गावात स्तनपान हे बालकाचे मोठेच संरक्षण आहे. वरच्या दुधाची भुकटी सदोष पाण्यात कालवून दिल्यास हे संरक्षण नाहीसे होते.

टूथपेस्टसंबंधी दक्षता

आपल्या देशातील नियमांनुसार टूथपेस्टमध्ये फ्लोराइड दशलक्ष भागांत १००० भागांपेक्षा अधिक असता कामा नये आणि ते प्रमाण वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. या प्रमाणाच्या एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड असते. जाहिरातींत दाखवितात तशी ब्रशभर पेस्ट सुमारे एक ग्रॅम भरते. लहान मूल ती गोड लागते म्हणून गिळते, तेव्हा त्याच्या दिवसाच्या मर्यादेचा बहुतेक भाग एकाच वेळी संपतो. तांदळाच्या दाण्याएवढ्या पेस्टमध्ये मात्र सुमारे ०.१ मिलिग्रॅमच फ्लोराइड असते. पेस्टची नळी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. शंभर ग्रॅमच्या नळीत १०० मिलिग्रॅम फ्लोराइड असते. लहान मुलाने त्यातील निम्मीअधिक पेस्ट खाल्ल्यास विषबाधा संभवते. अशा वेळी दूध पाजून त्वरित रुग्णालय गाठावे.

पेस्टला पर्याय म्हणून मशेरी लावण्याची प्रथा काही घरांत अद्याप आहे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू होय. तिने दातांचे रक्षण होत नाही. मूल व्यसनाकडे ओढले जाते व मुखाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. लहान मुलांना चहा देण्याची सवयही मोडावी. चहाच्या पानांत फ्लोराइड असते आणि कपात साखर असते.

पंचायत आणि शाळा यांचे कर्तव्य

या सर्व विवेचनाचा पाया पाण्याची तपासणी हा आहे, आणि ती एकट्या पालकाच्या आवाक्यातील गोष्ट नाही. येथे पंचायतीची जबाबदारी सुरू होते. गावातील प्रत्येक विंधन विहीर, आड व नळयोजनेचा उद्भव यांची स्वतंत्र तपासणी व्हावी. नमुना स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत घ्यावा व त्यावर स्रोत आणि दिनांक लिहावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत अशी तपासणी होते. जलजीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. संचावरील रंगाने अंदाज येतो. शंका आल्यास प्रयोगशाळेचा अहवाल प्रमाण मानावा. पावसाळ्यापूर्वी व नंतर असे दोनदा तपासल्यास प्रमाणातील फरकही लक्षात येतो. अहवाल दप्तरात न ठेवता ग्रामसभेत वाचावा आणि स्रोताजवळ ठळक अक्षरांत लिहावा.

फ्लोराइड अधिक आढळल्यास प्रथम निर्दोष स्रोताचा शोध घ्यावा. सदोष पाणी धुण्यासाठी व जनावरांना न पाजता इतर कामांसाठी वापरता येते. दुसरा स्रोत नसेल, तर नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेली नालगोंडा पद्धत उपलब्ध आहे. तीत चुना, तुरटी व टीसीएल पावडर ठराविक प्रमाणात मिसळून, ढवळून, गाळ बसू दिल्यावर वरचे पाणी काढून घेतात. हे प्रमाण पाण्याच्या गुणधर्मांनुसार बदलते, म्हणून ते तज्ज्ञांकडूनच ठरवून घ्यावे.

शिक्षकांनी आठ ते दहा वर्षांच्या विद्यार्थ्यांचे समोरचे दात दिवसाच्या उजेडात पाहावेत. एकाच वस्तीतील अनेक मुलांच्या दातांवर आडवे पांढरे वा तपकिरी पट्टे दिसल्यास ती बाब प्राथमिक आरोग्य केंद्रास व पंचायतीस कळवावी. अशा मुलांना अस्वच्छ म्हणून दोष देऊ नये. तो दोष त्यांच्या घासण्यातला नसून पाण्यातला आहे. मधल्या सुटीत गोळ्या-बिस्किटांऐवजी शेंगदाणे, चणे, फळे यांचा आग्रह धरावा, कारण फ्लोराइड असो वा नसो, वारंवारची साखर ही किडीची जननी आहे.

मुलाला फ्लोराइड द्यावे की टाळावे, हा निर्णय घेण्यापूर्वी पालकाच्या हाती एक आकडा असणे आवश्यक आहे : आपल्या पाण्यात लिटरमागे किती मिलिग्रॅम? ज्या गावाने हा आकडा मिळवून प्रत्येक घरी पोहोचविला, त्या गावातील मातापित्यांना पुढील उत्तर शोधणे अवघड जाणार नाही. अंगणवाडीत आज नाव नोंदविलेल्या बालकाचे कायमचे दात याच वर्षांत घडत आहेत, हे ध्यानी घेऊन येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत पाण्याच्या तपासणीचा विषय अवश्य घ्यावा.