खारीच्या पिलाचे दात आणि त्याची वाढ

नारळाचे शेंडे साफ करताना, चिकू-आंब्याची छाटणी करताना किंवा पंपघराची कौले चाळताना काथ्या, कापूस, गवत व चिंध्या यांचा एक गोळा खाली पडतो आणि त्यात गुलाबी कातडीची, डोळे मिटलेली, करंगळीएवढी दोन-तीन पिले वळवळताना दिसतात. पुष्कळदा ती उंदराची समजून फेकून दिली जातात. कोणी दयाळू गृहस्थ असलाच तर तो ती घरी नेतो, वाटीत गाईचे दूध घेऊन कापसाच्या बोळ्याने पाजतो, आणि दोन दिवसांत पिले दगावतात. पहिल्या प्रकारात ओळख चुकते, दुसऱ्या प्रकारात आहार चुकतो. या दोन्ही गोष्टींचा उलगडा पिलाच्या जबड्यात होत असल्यामुळे बागायतदाराने खारीच्या दातांची थोडी माहिती करून घेणे इष्ट आहे.

खार, उंदीर, घूस व साळिंदर हे सर्व कुरतडणारे, म्हणजे कृंतक वर्गातील प्राणी होत. आपल्या बागांतून तीन पट्ट्यांची व पाच पट्ट्यांची अशा दोन जातींच्या खारी आढळतात. पूर्ण वाढलेल्या खारीचे वजन सुमारे १०० ग्रॅम भरते. सह्याद्रीच्या जंगलातील शेकरू हीदेखील खारच, पण आकाराने कितीतरी मोठी. आपल्या बागेतील खारीच्या तोंडात एकूण २२ दात असतात. पुढे वर दोन व खाली दोन असे चार पटाशीचे दात. सुळे मुळीच नाहीत. त्यानंतर बरीच मोकळी जागा आणि मग गालात वरच्या बाजूस पाच-पाच व खालच्या बाजूस चार-चार दाढा व उपदाढा. मधली मोकळी जागा निरुपयोगी नाही. खार एखादे कवच कुरतडीत असता ओठांच्या कडा या जागेत आत वळतात, त्यामुळे कवचाचा भुगा घशात न जाता बाहेर पडतो.

पुढच्या दातांना आपल्या भाषेने सुताराच्या हत्याराचे नाव दिले आहे, आणि ते फार समर्पक आहे. पटाशीचे पाते जसे एका अंगाने कठीण पोलादाचे असते, तसे या दातावर कठीण दंतवल्क फक्त समोरच्या बाजूस असते. मागचा भाग त्या मानाने मऊ. दात एकमेकांवर घासले की मागचा भाग लवकर झिजतो, पुढची कड उभी राहते आणि धार आपोआप लागते. सुताराला पटाशी घासावी लागते, खारीला तेवढेही कष्ट नाहीत! मात्र रोज झिजणारा दात रोज वाढलाही पाहिजे. म्हणून या दातांची मुळे आयुष्यभर उघडी राहतात व ते आठवड्यास दोन-तीन मिलिमीटर या वेगाने वाढत राहतात. दाढांचे तसे नाही. त्या ठराविक उंचीपर्यंत वाढून थांबतात.

आता पिलाकडे वळू. खारीच्या वाढीचा बारकाईने अभ्यास झाला आहे तो उत्तर अमेरिकेतील करड्या खारीवर. ही खार एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात नेऊन सोडली गेली व तेथील झाडांची साल सोलून वनखात्याला डोकेदुखी झाली, त्यामुळे तेथेही तिच्याकडे लक्ष दिले गेले. तिचे पिलू जन्मतः १३ ते १८ ग्रॅम वजनाचे, आंधळे, बहिरे, केशहीन आणि दंतहीन असते. दुसऱ्या आठवड्यात कातडी काळसर होऊन लव फुटू लागते. सुमारे तीन आठवड्यांनी खालचे दोन पटाशीचे दात हिरडीतून वर येतात. चौथ्या आठवड्याच्या सुमारास कान उघडतात, चौथ्या-पाचव्या आठवड्यात डोळे. वरचे पटाशीचे दात खालच्या दातांच्या मागून, म्हणजे चौथ्या ते सहाव्या आठवड्यात येतात. सहाव्या आठवड्याच्या पुढेमागे गालातील दात दिसू लागतात, आणि आठ ते दहा आठवड्यांचे झाल्यावर पिलू आईचे दूध सोडते. आपली खार आकाराने लहान असल्यामुळे हे टप्पे काही दिवस अगोदर येऊ शकतात. क्रम मात्र तोच: आधी खालचे दात, मग वरचे, मग दाढा.

या क्रमातून पिलाचे वय सहज काढता येते. हिरडी साफ असेल व अंगावर लव नसेल तर पिलू दोन आठवड्यांच्या आतले समजावे. खालचे दोन दात तांदळाच्या कणीसारखे पांढरे टोक दाखवीत असून डोळे मिटलेले असतील तर ते तीन-चार आठवड्यांचे असते. चारही दात आले, डोळे उघडले, पण दाढा नाहीत, असे पिलू धावते व कुरतडते, तरी चावून खाऊ शकत नाही. येथे पुष्कळांची फसगत होते. पिलू दाणा कुरतडते यावरून ते पोट भरते आहे असे मानले जाते; वास्तविक कुरतडणे हे पटाशीच्या दातांचे काम, आणि दळणे हे दाढांचे. दाढा नसताना पोटात गेलेला कण पचत नाही. पुढचे दात कोवळेपणी पांढरे असतात. दंतवल्कात लोहाचा अंश साठत जाऊन ते पुढे पिवळसर-नारिंगी होतात. त्यामुळे पिवळे दात पाहून रोगाची शंका घेण्याचे कारण नाही. हे चार दात एकदाच येतात. उपदाढा मात्र आधी दुधाच्या येतात व काही महिन्यांनी त्या पडून कायमच्या येतात.

उंदराशी तुलना केली म्हणजे खारीची वाढ किती सावकाश होते हे ध्यानात येईल. उंदराच्या पिलास आठव्या-दहाव्या दिवशी पुढचे दात येतात, पंधरवड्यात डोळे उघडतात, तीन आठवड्यांत पहिल्या दाढा येऊन ते दूध सोडते. त्याला दुधाचे दात नाहीत, उपदाढाही नाहीत. एकूण दात १६. ज्या वयात उंदराचे पिलू बिळाबाहेर पडून धान्य खाऊ लागते, त्या वयात खारीच्या पिलाचे खालचे दोन दात नुकते डोकावत असतात. घरट्यातील पिलू उंदराचे की खारीचे, ही शंकाही येथेच फिटते: अंगावर लव व तोंडात दात असूनही डोळे न उघडलेले पिलू बोटाएवढेच असेल तर ते उंदराचे असण्याचा संभव अधिक. खारीच्या पिलास लव येऊ लागली की पाठीवरील पट्टे उमटतात, मग संशय उरत नाही.

पडलेल्या पिलाचे काय करावे? प्रथम ते थंड पडले असेल तर त्यास ऊब द्यावी. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवणे पुरेसे होते. थंड पिलास काहीही पाजू नये. ते पचवू शकत नाही. नंतर लहान टोपलीत घरट्याचाच काथ्या-कापूस घालून, पिले त्यात ठेवून, टोपली त्याच झाडाला मांजराच्या आवाक्याबाहेर बांधावी व माणसांनी दूर व्हावे. खारीची मादी पिलाला तोंडात धरून दुसऱ्या जागी नेते. ती दिवसा हिंडणारी असल्यामुळे हा प्रयत्न उजेड असेपर्यंतच करावा. अंधार पडल्यावर पिले आत घेऊन पहाटे पुन्हा ठेवावीत.

आई आलीच नाही तर वनविभागास किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. तोवर गाईचे दूध देऊ नये. खारीच्या दुधात स्निग्धांश व प्रथिने गाईच्या दुधापेक्षा अधिक व दुग्धशर्करा कमी असते. गाईच्या दुधाने पिलास हगवण लागते, आणि एवढ्याशा जिवाच्या अंगातील पाणी गेले की ते हाती लागत नाही. पाजताना पिलास उताणे धरू नये, दूध फुप्फुसात जाते. प्रत्येक वेळी पाजल्यावर ओल्या कोमट बोळ्याने त्याचे पोट व शेपटीखालचा भाग हलकेच पुसावा. आई जिभेने हेच करते आणि त्याखेरीज लहान पिलास मलमूत्र विसर्जन होत नाही.

दाढा आल्यावर दुसरी चूक होते ती नुसते शेंगदाणे किंवा सूर्यफुलाचे बी देण्याची. पिलू ते आवडीने खाते, वजनही वाढते. परंतु या दाण्यांत स्फुरद जास्त व कॅल्शियम फार थोडे असते. अशा आहाराने हाडे ठिसूळ होतात, मागचे पाय लुळे पडतात. हिरवा पाला, भाज्या, फळांचे तुकडे यांची जोड हवीच. पडल्यामुळे एखादा पुढचा दात मोडला असेल तर त्याच्या समोरच्या दाताकडे लक्ष ठेवावे. घासावयास जोडीदार नसल्याने तो वाकडा वाढत जातो, वेळप्रसंगी टाळूत रुततो, आणि खार भरल्या ताटाशी उपाशी मरते. असा दात पशुवैद्याकडूनच कापून घ्यावा.

खार बागेचे नुकसान करीत नाही असे म्हणणे नाही. पेरू, चिकू, डाळिंब, कोकोची बोंडे, एवढेच काय ठिबक सिंचनाच्या नळ्यासुद्धा ती कुरतडते. पुराणातील सेतूसाठी तिने उचललेला वाटा सर्वांस ठाऊक आहे, फळांतील तिचा वाटा बागायतदारास! परंतु उंदरावरील उपाय तसाच्या तसा खारीवर लावणे चुकीचे होय. झाडावर ठेवलेले विषारी आमिष पक्षी खातात, आणि दूध पाजणारी मादी मेली तर दात न आलेली पिले घरट्यात उपासमारीने मरतात. आधी नुकसान कोणाचे हे पाहावे. दिवसा झालेले खारीचे, रात्री झालेले उंदराचे. कोकोच्या बोंडास देठाजवळ भोक असेल तर बहुधा उंदीर, मध्यावर असेल तर खार. पक्व होऊ लागलेली फळे वेळीच तोडावीत. निवडक फळांना पिशव्या बांधाव्यात. सुट्या उभ्या असलेल्या नारळाच्या खोडाला गुळगुळीत पत्र्याचा पट्टा ठोकावा. शेजारच्या झाडांच्या फांद्या एकमेकींस भिडत असतील तर पट्ट्याचा खर्च वाया जातो. छाटणीपूर्वी शेंडे व ढोल्या पाहून घ्याव्यात, आणि पिले असलेले घरटे आढळल्यास ती फांदी वगळून काम उरकावे. दोन महिन्यांत पिलांच्या दाढा येऊन ती घरटे सोडतात. मग ती फांदी खुशाल छाटावी.