एक फांदी, एक बी

थेरी संघमित्रेने बोधिवृक्षाची शाखा सिंहलद्वीपास नेली, ही कथा आपल्या वसतिगृहातील प्रत्येक बालकास ठाऊक असते. बुद्धगयेतील वृक्ष पुढे नष्ट झाला आणि पुन्हा लावला गेला. अनुराधपूरचा वृक्ष आजही वंदिला जातो. फांदी दूर नेऊन रुजविण्याचे मोल सांगणारी विसाव्या शतकातील एक घटना आम्ही येथे अभ्यासासाठी मांडत आहोत.

हिंदी महासागरात मॉरिशसच्या पूर्वेस रॉड्रिग्ज नावाचे लहानसे बेट आहे. कॉफीच्या कुळातील ‘कॅफे मारों’ हा छोटा वृक्ष केवळ तेथेच आढळतो. जंगलतोड आणि शेळ्यांची चराई यांमुळे तो नामशेष झाला, असे मानले जात होते. १९८० च्या सुमारास तेथील एका शिक्षकाने विद्यार्थ्यांना दुर्मिळ वनस्पतींचा शोध घेण्यास लावले. एका मुलास सापडलेले झाड ‘कॅफे मारों’ ठरले. जगात उरलेले ते एकच झाड होते!

परंतु सापडणे म्हणजे वाचणे नव्हे. झाड औषधी आहे, या समजुतीने लोक त्याच्या फांद्या तोडू लागले; त्याभोवती कुंपण घालावे लागले. १९८६ मध्ये त्याच्या फांद्या इंग्लंडमधील क्यू उद्यानात नेण्यात आल्या. तेथे एक फांदी रुजली व फुलली. मात्र वर्षानुवर्षे फळ धरेना. फांदीपासून केलेले प्रत्येक रोप मूळ झाडाचीच प्रतिकृती असते. एखादा रोग आला तर सारी एकदमच मरू शकतात. बी धरले तरच पुढच्या पिढीत वेगळेपण येते. अखेर २००३ मध्ये उद्यानतज्ज्ञ कार्लोस मॅग्डालेना यांनी असंख्य फुलांवर हाताने परागण करून फळ मिळविले. पुढे त्या बिया रॉड्रिग्जला परत गेल्या.

या घटनेत तीन पायऱ्या दिसतात: ओळखणारी दृष्टी, राखणारे हात आणि बी मायभूमीस परत नेण्याची चिकाटी. पहिली पायरी शाळेत घडली, हे आम्हांस विशेष वाटते. आपल्याही गावांच्या देवरायांत व ओढ्याकाठी अशी झाडे आहेत, ज्यांची नावे आता केवळ आजी-आजोबांनाच ठाऊक आहेत. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी ती नावे मुलांसोबत लिहून ठेवावीत आणि ती झाडे त्यांना दाखवावीत. ज्याचे नावच विसरले, त्याचे रक्षण कोण करणार?