घरांतील जुना फ्यूज-बॉक्स बदलतांना



जुन्या घरांच्या ओसरींत, मीटरच्या शेजारीं, सागवानी फळीवर बसविलेली चिनी मातीच्या पांढऱ्या फ्यूजांची जोडी तुमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. वायरमन लोक तिला ‘किटकॅट’ म्हणतात. दिवे गेले, कीं घरांतील कोणी वडील माणूस तो फ्यूज उपसून काढतो, वितळलेल्या तारेच्या जागीं नवी तार बांधतो, आणि घर पुन्हा उजळतें. हें काम इतकें सोपें वाटतें, कीं त्यांत शिकण्यासारखें कांहीं आहे असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. याच समजुतीनें मीं एकदां मोठी चूक केली, व तिच्यापासूनच आजच्या पाठास आरंभ करतों.

आमच्या घरीं गीझर आणल्यावर फ्यूज वरचेवर उडूं लागला. मुलीच्या परीक्षेच्या आदल्या रात्रीं तो दोनदां उडाला. तिसऱ्या वेळीं मीं वैतागून तांब्याच्या वायरीचे तीन पदर एकत्र पिळून त्यांत घातले. फ्यूज पुन्हा उडाला नाहीं, व मला आपल्या हुषारीचें कौतुकहि वाटलें. पंधरा दिवसांनीं पहाटे जळक्या रबराचा वास आला. मेन स्विच बंद केला आणि वायरमनकडून फळी काढविली. मागील तारांवरील रबर करपून तडकलें होतें, व लांकडावर हाताच्या पंजाएवढा काळा डाग पडला होता. त्याच भिंतीच्या पलीकडे मुलगी निजत असे.

असें कां झालें? तारेंतून प्रवाह वाहतो तेव्हां उष्णता उत्पन्न होते, व ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते; तिप्पट झाला तर नऊपट. फ्यूजची तार मुद्दाम बारीक ठेवितात. कल्हई केलेल्या तांब्याची तार ५ अँपिअरसाठीं सुमारें ०.२ मिलिमीटर, व १५ अँपिअरसाठीं सुमारें ०.५ मिलिमीटर जाड असते. भिंतींतील तार धोक्याइतकी तापण्यापूर्वीं हिनें वितळून मार्ग तोडावा, एवढेंच हिचें काम. दुबळेपणा हाच हिचा गुण होय. मीं ती बळकट केली, तेव्हां जळण्याची पाळी भिंतींतील तारेवर आली.

जुन्या फळीवर आणखी एक दोष पुष्कळदां आढळतो. फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांवर फ्यूज बसविलेले असतात. न्यूट्रलवरील फ्यूज आधीं वितळला तर दिवा विझतो. परंतु दिव्यापर्यंत २३० व्होल्टचा दाब तसाच कायम राहतो. ‘वीज गेली’ असें समजून जो हात घालील त्याच्या प्राणाशीं गांठ पडेल. शिवाय, माणसाचा प्राण घेण्यास अँपिअरचा अगदीं लहान अंश पुरतो. तेवढ्यानें ५ अँपिअरचा फ्यूज मुळींच वितळत नाहीं. फ्यूज तारेचें रक्षण करतो, माणसाचें नव्हे.

यास्तव आतां नव्या डब्यांत दोन प्रकारचे खटके बसवितात. पहिला एम्.सी.बी. प्रवाह कांहीं वेळ मर्यादेबाहेर राहिला, कीं यांतील दोन धातूंची पट्टी तापून वांकते. तारा एकमेकींस भिडल्या, तर यांतील विद्युच्चुंबक तत्काळ ओढला जातो. दोन्ही प्रसंगीं खटका पडतो. असा खटका जर्मनींत ह्यूगो श्टोट्स यांच्या कंपनीनें १९२४ सालीं पुढें आणला. दुसरा आर्.सी.सी.बी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत आला कीं नाहीं, हें तो सतत ताडून पाहतो. माणसाच्या अंगांतून वा ओल्या भिंतींतून गळती झाली, तर घरगुती खटका ३० मिलिअँपिअरच्या आंतच मार्ग तोडतो. मात्र फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा एकदम धरणाऱ्यास तोहि वांचवूं शकत नाहीं.

आतां डबा बदलण्याचा क्रम पाहूं.

१. भार मोजावा. वॅटला २३० नें भागिलें, कीं अँपिअर मिळतात. २००० वॅटचा गीझर ८.७ अँपिअर घेतो, व १००० वॅटची इस्त्री ४.३; म्हणजे दोन्ही मिळून १३. आमचा फ्यूज तर ५ अँपिअरचा होता! गीझरला स्वतंत्र तार हवी.

२. तारा तपासाव्या. खटका उपकरण पाहून नव्हे, तर तार पाहून निवडावा. साधारणतः दिव्यांच्या १.५ चौरस मिलिमीटर तारेस ६ किंवा १० अँपिअरचा, व २.५ चौरस मिलिमीटर तारेस १६ अँपिअरचा खटका लावितात. रबर कुजलें असेल, तर केवळ डबा बदलणें व्यर्थ होय.

३. काम परवानाधारक विद्युत् ठेकेदाराकडेच द्यावें. मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून त्याच्यापर्यंत येणारी तार जिवंतच राहते. ती बंद करण्याचा व मीटरचें सील काढण्याचा अधिकार वीज पुरविणाऱ्या कंपनीचा आहे.

४. वीज बंद झाल्याची खात्री करावी. टेस्टर प्रथम चालू तारेवर लावून पाहावा, मग बंद तारेवर, व पुन्हा चालू तारेवर. अन्यथा बिघडलेला टेस्टरहि ‘वीज नाहीं’ असेंच सांगेल.

५. नव्या डब्यांत न्यूट्रलवर फ्यूज ठेवूं नये. अर्थिंग नीट तपासावें, प्रत्येक खटक्याखालीं खोलीचें नांव लिहावें, व ठेकेदाराकडून चाचणी अहवाल लेखी घ्यावा.

आमच्याकडे नवा डबा बसला, आणि पहिल्याच आठवड्यांत आर्.सी.सी.बी. वारंवार पडूं लागला. एक शेजारी म्हणाले, “गुरुजी, तेवढा खटका काढून टाका, कटकट मिटेल.” खरें सांगतों, क्षणभर मलाहि तसेंच वाटलें. परंतु तो काळा डाग आठवला. एकेक उपकरण काढून पाहिलें, तेव्हां बादलींत सोडण्याचा जुना हीटर गळका निघाला. त्याच हीटरचें पाणी मुलगी रोज पहाटे काढीत असे. पहारेकरी ओरडला म्हणून त्यालाच घालवून देणें किती घातक, हें मीं दोनदां शिकलों. तुम्हीं एकदांच शिकावें.

पालकांस विनंती: आर्.सी.सी.बी.वरील चाचणीचें बटण महिन्यांतून एकदां दाबून पाहावें. खटका पडला नाहीं, तर तो त्वरित बदलून घ्यावा.

अभ्यास

१. घरांतील उपकरणांवर छापलेले वॅट लिहून प्रत्येकाचे अँपिअर काढा. डब्यास हात लावूं नका.

२. १.५ चौरस मिलिमीटर तारेस ३२ अँपिअरचा खटका लाविल्यास काय होईल?

३. न्यूट्रलवर फ्यूज कां नसावा, हें घरांतील वडील माणसांस समजावून सांगा.