आधी पेर बघ, मग कात्री घे

अगं, सगळ्यात आधी ‘माझ्या हाताला गुण नाही’ हे डोक्यातून काढून टाक. फांदी हाताच्या गुणावर रुजत नाही. ती कुठे कापलीस आणि कशात खोचलीस, त्यावर सगळं असतं, आणि या दोन्ही गोष्टी एका रविवारी शिकून होतात. नव्या घराच्या बाल्कनीत लोंबत्या वेली हव्यात, पण सगळ्यांकडे असतात तसल्या नकोत, असं म्हणालीस ना, तेव्हापासून तुझ्याशी निवांत बोलायचं मनात आहे. ‘काहीतरी वेगळं दाखवा’ असं गिऱ्हाईक म्हणालं की आधी किंमत वेगळी होते. आणि तू पडलीस भोळी.

ज्या मनी प्लांटला तू नाक मुरडतेस ना, पहिला धडा त्याच्याकडूनच घ्यायचा. त्याची एक वेल हातात घे आणि उजेडात धर. पानाचा देठ खोडाला जिथे मिळतो तिथे एक बारीक कडं दिसेल. कड्यापाशी एक तपकिरी टोक बाहेर आलेलं असतं, बोट फिरवलंस तर खरखरीत लागेल. ते मूळ, आधार किंवा ओल मिळायची वाट बघत बसलेलं. देठाच्या बगलेत बारीकसा फुगवटा असतो, तो डोळा. नवीन फांदी त्याच्यातून निघते. मूळ आणि डोळा एकत्र असतात ती जागा म्हणजे पेर. दोन पेरांमधल्या गुळगुळीत कांडीकडे यातलं काही नसतं. म्हणून कात्री नेहमी पेराच्या खाली, अर्धा इंच सोडून लावायची, आणि निदान एक पेर मातीत जाईल असं बघायचं. नुसती कांडी किंवा नुसतं पान पाण्यात घालून महिनाभर वाट बघणाऱ्या बायका मी खूप पाहिल्यात.

हा मनी प्लांट मूळचा फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावरचा. तो जवळजवळ कधीच फुलत नाही. फुलायला जिबरेलिन नावाचं संप्रेरक लागतं, ते त्याला पुरेसं बनवताच येत नाही. म्हणजे जगभरच्या घरांत तो पोचला तो बियांवाचून, एकमेकांना दिलेल्या तुकड्यांवर. तुझ्या त्या ‘वेगळ्या’ वेलीही अशाच पोचतात.

आता पेर नसलं तर काय होतं ते ऐक. फेब्रुवारी आला की इवल्याशा कुंडीत उभं खोचलेलं एकच जाडजूड, बदामाच्या आकाराचं पान विकायला येतं. ती होया केरी. पान खरं असतं, खाली मुळंही खरी असतात, पण पेर नसतं, म्हणून डोळाही नसतो. ते पान वर्षानुवर्षं हिरवंगार राहतं आणि वर्षानुवर्षं एकच राहतं. कापताना देठाबरोबर खोडाची चकती आली असेल तरच त्यातून वेल निघते, एरवी नाही. तुला ते टेबलावर शोभेला हवं असेल तर खुशाल घे. वेल होईल या आशेने मात्र घेऊ नकोस.

‘मग ब्रह्मकमळ कसं पानावर येतं?’ असं विचारशील. आपल्याकडे चाळीत, सोसायटीत एकमेकींना देऊन पसरलेलं ते रात्री फुलणारं ब्रह्मकमळ म्हणजे मेक्सिको-मध्य अमेरिकेतलं निवडुंगाच्या जातीचं झाड. आपण ज्याला पान म्हणतो ते त्याचं चपटं झालेलं खोड असतं. कडेच्या खाचा नीट बघ, प्रत्येक खाचेत डोळा आहे. फूल येतं तेही तिथूनच. म्हणून त्याचा तुकडा खोचला की झाड होतं आणि होयाचं पान खोचलं की पानच राहतं.

दुसरी गोष्ट, कशात खोचायचं. इथे मी एकच प्रश्न विचारते: हिचं माहेर कुठलं? सासरी काय मानवेल ते माहेरावरून कळतं. लोंबत्या वेलींची मुख्य माहेरं दोन, झाडावरचं आणि खडकावरचं.

झाडावरच्या म्हणजे होया, डिस्किडिया, रिप्सॅलिस. या बांडगुळं नव्हेत. दुसऱ्या झाडाच्या सालीवर नुसत्या बसतात, त्याचा रस पीत नाहीत. पाऊस येतो, मुळं भिजतात, पाणी वाहून जातं, वारा लागतो. यांना आपली लाल माती दिलीस तर ती पावसाळ्यात चिकट होते, उन्हाळ्यात दगड होते आणि मुळं गुदमरतात. नारळाच्या शेंडीचे तुकडे, परलाईट, थोडा लाकडी कोळसा आणि जेमतेम कोकोपीट एवढंच मिश्रण कर. कोकोपीटमध्ये क्षार असतात, तेव्हा आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन, पिळून घे.

होयाची सुरुवात होया कार्नोसापासून कर, ती सोशिक आहे. आणि होया फक्त परदेशी असते असं समजू नकोस, आपल्या पश्चिम घाटातही तिची जात झाडांवर वाढते. दोन-तीन पेरांचा तुकडा काप. कापल्यावर पांढरा चीक येईल, तो डोळ्यांना लागू देऊ नकोस आणि पुसत बसू नकोस. तासा-दोन तासांत तो वाळून जखम बंद होते, मग खोच. होयाच्या बाबतीत दोन गोष्टी कधीही कापायच्या नाहीत. एक, बिनपानांची लांबच लांब निघालेली काठी. ती वाळलेली नसते, आधार शोधत निघालेली असते, पानं मागाहून येतात. दुसरी, फुलं गळून गेल्यावर मागे राहिलेला तो आखूड दांडा. होया पुढच्या वेळी त्याच दांड्यावर पुन्हा फुलते. तो छाटलास तर नवा तयार होईपर्यंत थांबावं लागेल. वेल साफसूफ करायची हौस इथे जरा आवर.

डिस्किडिया ही होयाची नात्यातली. नाण्यांएवढ्या गोल पानांची लड असते ती डिस्किडिया नुम्युलारिया, छोट्या बदामांची असते तिला ‘मिलियन हार्ट्स’ म्हणतात. यांच्या पेरापेरावर आधीच मुळं असतात, लड ओल्या मॉसवर आडवी ठेवली तरी चिकटते. यांचीच बहीण डिस्किडिया मेजर. तिची काही पानं फुगून पोकळ पिशव्या होतात, त्यांत मुंग्या बिऱ्हाड करतात, आणि वेल त्याच पिशवीत आपलं मूळ सोडून मुंग्यांनी साठवलेल्या कचऱ्यावर पोसते. घरात मुंग्या पाळायची गरज नाही, तशीही ती वाढते.

रिप्सॅलिस पाहिलीस तर निवडुंग वाटणारच नाही. काटे नाहीत, नुसत्या हिरव्या दोऱ्या लोंबतात. सगळं निवडुंग कुळ अमेरिका खंडातलं, अपवाद एकच: रिप्सॅलिस बॅसिफेरा आफ्रिकेत आणि श्रीलंकेतही रानात आढळते. तिच्या दोऱ्या सांध्यावर तोड, सावलीत दोन-तीन दिवस वाळू दे आणि मग पाच-सहा एकत्र खोच. एकेकटी खोचलीस तर कुंडी भरायला फार वेळ लागतो.

आता खडकावरच्या. ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्स’ म्हणजे सेरोपेजिया वुडी. जॉन मेडली वूड यांना 1881 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात ती खडकांवरून लोंबताना दिसली. तिच्या दोऱ्यासारख्या खोडावर, पेरापेरावर वाटाण्याएवढे कंद धरतात. कंद असलेली लड दुसऱ्या कुंडीत नुसती टेकव, कंद मातीत अर्धा दाब, मूळ वेलीपासून तोडू नकोस. त्याला मुळं आणि वर फुटवा आला की मग कात्री लाव. यात काही बिघडायला जागाच नाही. कंद नसतील तर पार्सलचा पारदर्शक डबा घे, तळाला ओलं करून घट्ट पिळलेलं मॉस पसर. वेलीचे एकेका जोडपानाचे तुकडे कर, दोन्ही बाजूंना थोडी थोडी दोरी ठेवून, आणि पेर मॉसला टेकेल असे मांड. झाकण लाव, उजेडात ठेव, ऊन नको. दिवसाआड पाच मिनिटं झाकण उघड. तीन-चार आठवड्यांत पांढरी मुळं डब्याच्या तळातून दिसतील.

या वेलीच्या सख्ख्या बहिणी आपल्या सह्याद्रीत आहेत, हे तुला सांगायलाच हवं. पावसाळ्यात कडेकपारींवर कंदिलाच्या आकाराची फुलं येतात, ती कंदीलपुष्पं सेरोपेजियाच. छोटी माशी फुलाच्या नळीत शिरते, आतले केस खाली वळलेले असल्यामुळे अडकते, आणि फूल कोमेजायला लागलं की पराग घेऊन सुटते. यातल्या काही जाती जगात फक्त महाराष्ट्रातल्या मोजक्या डोंगरांवर उरल्यात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जोपासून वाढवायचं काम केलंय. म्हणून ट्रेकला गेलीस आणि कंदीलपुष्प दिसलं तर फोटो काढ आणि पुढे चल. कंद उकरून आणायचा नाही. तो बाल्कनीत जगत नाही आणि डोंगरावरून मात्र कायमचा जातो.

‘स्ट्रिंग ऑफ पर्ल्स’चा मोह तुला होणारच. त्या प्रत्येक मोत्यावर एक अर्धपारदर्शक रेघ असते, खिडकीच ती, तिच्यातून उजेड आत जातो. मोती म्हणजे पाण्याची साठवण, त्यामुळे वरून रोज पाणी घातलंस की कुजणार. मोती किंचित सुरकुतले की पाणी द्यायचं. लड उभी खोचू नकोस, वाळूमिश्रित मातीवर गोल गुंडाळून ठेव, जिथे टेकेल तिथे मुळं धरेल. पुण्या-नाशकाच्या कोरड्या हवेत ती रमते. मुंबई-ठाण्यात किंवा कोकणात असशील तर जून ते सप्टेंबर तिला पावसाच्या झडीपासून दूर, वाऱ्याच्या जागी ठेवावंच लागतं. तुझ्या बाल्कनीसाठी माझं मत विचारशील तर हिचा नंबर शेवटचा.

हंगामही माहेरावरूनच ठरतो. झाडावरच्या वेलींची कटिंग पावसाळ्याच्या तोंडाला लाव, हवेतला दमटपणा फुकट मिळतो. खडकावरच्यांची दसरा-दिवाळीनंतर लाव. मे महिन्यात काहीच कापू नकोस. पश्चिमेची बाल्कनी असेल तर दुपारचं ऊन पडद्याने अडव. कुंडी पंख्याखाली किंवा एसीच्या झोतात टांगू नकोस.

पाण्यात बाटलीत लावायचं का? लाव, मनी प्लांट, होया, ट्रेडस्कॅन्शिया सगळं रुजतं. पण पाण्यातली मुळं नाजूक असतात, मातीत गेल्यावर त्यातली बरीच टिकत नाहीत. म्हणून मुळं इंच-दीड इंच झाली की लगेच हलव, वीतभर होईपर्यंत कौतुकाने बघत बसू नकोस. पाणी चार दिवसांनी बदल, आणि पाण्याखाली पान राहू देऊ नकोस, ते कुजतं आणि सगळं नासवतं. कात्री मात्र दर वेळी स्पिरिटने पुसायची, यात हयगय नको.

कटिंग घरात आलं की पहिले दोन आठवडे बाकीच्या कुंड्यांपासून वेगळं ठेव. होयाच्या पानांच्या बगलेत कापसासारखं पांढरं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपून काढ, आणि आठवड्याने पुन्हा बघ. एकदा पुसून तो जात नाही.

आणि मिळवायचं कुठून? आधी ओळखीत माग. मागण्यात लाज कसली, वेल छाटल्याने दाट होते, देणारीचंही भलंच. दुर्मीळ म्हणून विकलं जाणारं विकत घेतलंस तर पेर आणि डोळा दाखवणारा फोटो आधी माग. पांढऱ्या पट्ट्यांची जात असेल तर खोडावरही पांढरी रेघ आहे का बघ, नुसत्या एका पानाच्या पांढरेपणावर पैसे टाकू नकोस. आणि अमेरिकेतल्या वन्संना बॅगेत ‘दोन काड्या’ टाकून आणायला अजिबात सांगू नकोस. 2003 च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार परवाना आणि त्या देशाचा आरोग्य-दाखला असल्याशिवाय रोपं आणता येत नाहीत. विमानतळावर काढून घेतील तो भाग वेगळाच, पण एका काडीबरोबर नवी कीड देशात येऊ शकते.

शेवटचं सांगते. मूळ दिसलं की तू लगेच मला फोटो पाठवशील आणि दुसरं रोप शोधायला लागशील, मी ओळखते तुला. मूळ तर त्या बदामी पानालाही फुटतं. डोळ्यातून नवीन पान निघालं, उलगडलं, तेव्हाच वेल तुझी झाली असं धर. तोपर्यंत नवं काही आणायचं नाही, हा आपल्या दोघींचा करार.