रक्तातील खनिजे व तपासणीचा कागद

मातीपरीक्षणासाठी शेताच्या एकाच कोपऱ्यातील मूठभर माती कोणी जाणता शेतकरी उचलीत नाही. बांधालगतची व उकिरड्याजवळची जागा सोडून, ठिकठिकाणची माती घेऊन ती एकत्र मिसळली जाते. रक्ताच्या बाबतीत मात्र हा विवेक राहत नाही. कागदावर एका आकड्यापुढे खूण दिसली की घरची मंडळी घाबरतात आणि बियाण्याचा पैसा ताकदीच्या औषधांत जातो.

कागदावरील मर्यादा कशी ठरते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. पुष्कळ निरोगी माणसांचे रक्त तपासून, मधल्या शेकडा ९५ जणांचे आकडे ज्या टप्प्यात येतात तो टप्पा धरण्याचा प्रघात आहे. अर्थात उरलेले शेकडा ५ जणही निरोगीच असतात. परस्परांवर अवलंबून नसलेल्या १२ तपासण्या एकदम केल्यास, शंभर निरोगी माणसांपैकी सुमारे ४६ जणांचा एक तरी आकडा मर्यादेबाहेर पडेल, असे गणित निघते.

सर्व खनिजे सारखी हलत नाहीत. कॅल्शियम बरेच स्थिर असते. १०० मिलिलिटर रक्तद्रवात साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम. आहारात ते कमी पडले, तरी गळ्यातील परावटु ग्रंथींच्या योगे हाडांतून भर पडते. (म्हणूनच हा आकडा ठीक आहे, तेव्हा हाडेही बळकट आहेत, असे समजू नये.) त्यातील निम्म्याच्या आसपास भाग प्रथिनांशी बांधलेला असतो. गरोदरपणी रक्तद्रवातील हे प्रथिन उतरते व एकूण आकडाही उतरतो. शरीराच्या उपयोगी पडणारे मोकळे कॅल्शियम मात्र जवळजवळ तेवढेच राहते.

लोहाचे तसे नाही. रक्तद्रवातील लोह बहुधा सकाळी अधिक व सायंकाळी कमी भरते. त्याच निरोगी माणसात दुसऱ्या दिवशी चौथाईचा फरक पडला तरी नवल नाही. स्फुरद प्रौढांपेक्षा वाढत्या मुलांत जास्त असते. प्रौढांची मर्यादा मुलास लावल्यास धडधाकट मूल रोगी ठरेल.

पालाश, म्हणजे पोटॅशियम, बहुतेक सर्व पेशींच्या आत असते. रक्त काढताना मूठ वारंवार आवळली, किंवा रक्तद्रव वेगळा न करता नमुना तालुक्यापर्यंत तासन्‌तास हिंदकळत नेला, तर पेशींतील पालाश बाहेर झिरपून आकडा फुगतो. असा नमुना बर्फात ठेवल्यानेही गळती वाढते.

तेव्हा गावकार्यकर्त्याने नमुन्याची वेळ, रुग्णाचे वय, गरोदरपण व चालू औषधे कागदावर लिहून द्यावीत आणि मागील कागद जपून ठेवण्यास सांगावे. फेरतपासणी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत व त्याच वेळी करावी. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्या माणसाचे पोटॅशियम वाढलेले आढळल्यास, अथवा छातीत धडधड, हातापायांत पेटके किंवा एकाएकी अशक्तपणा असल्यास, नमुना बिघडला असेल असे म्हणून थांबू नये. रुग्णास त्याच दिवशी डॉक्टरांकडे पोहोचवावे.